पॉवरपॉइंटवर आपला माल कसा मांडावा?

परभणीच्या बाजारात गिऱ्हाईक दुकानात येते, कापड बोटांत धरून पाहते, कपाटाचे दार दोनदा उघडून-मिटून बघते आणि मग भावावर येते. हा व्यवहार आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. परंतु मोठ्या मागणीचा व्यवहार आता नेहमीच दुकानात होत नाही. शाळेचे संस्थाचालक, हॉटेलचे मालक, बाहेरगावचे घाऊक व्यापारी किंवा बँकेचे अधिकारी आपल्याला त्यांच्याकडे बोलावतात. तेथे भिंतीवर पडदा असतो आणि "दहा-पंधरा मिनिटांत तुमचे काम दाखवा" असे सांगितले जाते. अशा वेळी हातात हुनर असलेला कारागीर गोंधळतो आणि साधाच माल असलेला, पण मांडणी येणारा माणूस काम घेऊन जातो. म्हणून या आठवड्यात आम्ही पॉवरपॉइंट या साधनाचा नीट वापर कसा करावा, याचा पाठ घेत आहोत.

आपल्या जिल्ह्याविषयी एक जुनी म्हण आहे: "बनी तो बनी, नहीं तो परभणी." बाहेर जाऊन नशीब काढून पाहावे, जमले नाही तर आपली परभणी आहेच, असा तिचा अर्थ लोक लावतात. म्हण गोड आहे, परंतु बाहेरच्या गिऱ्हाइकासमोर दुसरी संधी क्वचितच मिळते. त्याने आपले दुकान पाहिलेले नसते, आपले वडील-आजोबा त्याला ठाऊक नसतात. पडद्यावर जे दिसेल आणि आपण जे बोलू, तेवढीच आपली ओळख.

हे साधन आले कोठून?

पॉवरपॉइंट अमेरिकेत तयार झाले. फोरथॉट नावाच्या एका लहान कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवले आणि १९८७ साली ते ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. विंडोजसाठीची आवृत्ती १९९० साली निघाली. सुरुवातीला त्यावर फक्त काळ्या-पांढऱ्या पाट्या तयार होत. त्या पारदर्शक कागदावर उतरवून दिव्याच्या यंत्राने भिंतीवर दाखवत. म्हणजे मुळात हे बोलणाऱ्याच्या मदतीला ठेवलेले पाटीचे साधन आहे. बोलायचे काम माणसाचे, पाटीचे नव्हे. हे एवढे लक्षात राहिले तरी निम्मा पाठ झाला असे समजावे.

महाराष्ट्रात २००१ साली एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि त्यातून गावोगावच्या मुला-मुलींना पॉवरपॉइंटची तोंडओळख झाली. आपल्या घरातही असा एखादा मुलगा, मुलगी, भाचा किंवा सून असेल. त्यांना बटणे ठाऊक आहेत, आपल्याला माल ठाऊक आहे. दोघांनी मिळून बसावे. एकट्या मुलाकडे काम सोपवले तर रंगीबेरंगी पाट्या तयार होतात, पण गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते.

पॉवरपॉइंट विकत घ्यावे लागते. चोरीची प्रत टाकून घेऊ नये. तो गैरव्यवहार तर आहेच, शिवाय अशा प्रतीबरोबर व्हायरस येऊन दुकानाचा हिशेबही जाऊ शकतो. ज्यांना खर्च नको त्यांनी लिबरऑफिसमधील इम्प्रेस वापरावे. ते पूर्ण मोफत आहे. गुगल स्लाइड्स आणि इंटरनेटवरील पॉवरपॉइंटही खाते उघडून विनामूल्य वापरता येते. पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या सर्वांना लागू पडतात.

एका पाटीवर एकच गोष्ट, आणि तीही मथळ्यात

पाटीवर, म्हणजे स्लाइडवर, काय लिहावे आणि कोठे लिहावे याला किती महत्त्व आहे, हे एका दुःखद घटनेवरून कळते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकेचे अवकाशयान उडाले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास करून तो पॉवरपॉइंटच्या पाट्यांवर अधिकाऱ्यांना दाखवला. त्यातील एका पाटीचा मथळा दिलासा देणारा होता. खरी काळजीची गोष्ट मात्र तळाशी, बारीक अक्षरांत होती. पूर्वीच्या चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि यानावर आदळलेला अंदाजे १९२० घन इंचांचा, म्हणजे तब्बल ६४० पट मोठा. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान कोसळले आणि हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मरण पावले. अपघात फोममुळे झाला, पाटीमुळे नव्हे. परंतु चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या पाटीची मुद्दाम दखल घेतली आणि महत्त्वाची माहिती अशा रीतीने मांडल्यास वाचणाऱ्याला धोका कळत नाही, असे दाखवून दिले.

आपल्या कामात कोणाचा जीव जात नाही, पण शब्द जातो आणि पतही जाते. म्हणून तीन नियम पाळावेत. पहिला, एका पाटीवर एकच गोष्ट. दुसरा, ती गोष्ट मथळ्यातच पूर्ण वाक्यात सांगावी. "आमची क्षमता" हा मथळा काहीच सांगत नाही. "८०० गणवेश ४० कामाच्या दिवसांत तयार होतील" हा मथळा सगळे सांगतो. तिसरा, अडचणीची गोष्ट बारीक अक्षरांत तळाला टाकू नये. ती मोठ्या अक्षरांत लिहावी आणि तिच्यावर आपण काय उपाय केला आहे तेही शेजारी लिहावे.

एक उदाहरण: गणवेशाची मागणी

समजा, जिंतूरच्या एका शिंपी कारागिराला ४०० विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी प्रत्येकी दोन, म्हणजे ८०० गणवेश शिवायचे आहेत. आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत. वाचकांनी स्वतःचे घालावेत. त्याच्याकडे पाच शिलाई यंत्रे आहेत आणि एका यंत्रावर साधारण दिवसात चार गणवेश होतात. साधारण दिवसात, हे शब्द महत्त्वाचे. सर्वांत तरबेज हाताने सर्वांत चांगल्या दिवशी केलेले काम हिशेबात धरू नये. पाच यंत्रे गुणिले चार, म्हणजे दिवसाला २० गणवेश. ८०० भागिले २०, म्हणजे ४० दिवस. आठवड्याची एक सुट्टी धरली तर २० एप्रिलला शिलाई सुरू करून १० जूनपर्यंत सुमारे ४४ दिवस कामाचे मिळतात. सण, आजारपण आणि वीज जाणे यासाठी चार दिवस शिल्लक राहतात. कापड आणण्यास दहा दिवस धरले, तर मागणी १० एप्रिलच्या आत पक्की व्हायला हवी.

आता त्याने पाट्या कशा मांडाव्यात? आम्ही सात सुचवतो.

पहिली पाटी: दुकानाचे नाव, गाव आणि एका वाक्यात काम. "जिंतूर येथे शालेय गणवेशाची शिलाई."

दुसरी: गिऱ्हाइकाची गरज त्याच्याच शब्दांत. "शाळा उघडण्यापूर्वी ४०० मुलांना दोन-दोन गणवेश हवेत." आपली गरज त्याने नीट समजून घेतली आहे, हे पाहून ऐकणारा सावरून बसतो.

तिसरी: मालाचे छायाचित्र. शिलाईची आतली बाजू आणि खिशाचा टाका जवळून दिसावा.

चौथी: वेळापत्रक. वरच्या हिशेबातील चार तारखा एका आडव्या रेषेवर, बाकी काही नको. कापड खरेदी, शिलाई सुरू, अर्धा माल तयार, शेवटचा माल पोहोच.

पाचवी: अडचण आणि उपाय. समजा, आजवरची त्याची सर्वांत मोठी मागणी १५० गणवेशांची होती. मग तो ८०० कसे देणार, हा प्रश्न समोरच्याच्या मनात येणारच. तो लपवू नये. मथळाच असा द्यावा: "आजवर १५० केले, ८०० साठी दर आठवड्याला १२० पोहोचवू." दर आठवड्याला माल पोहोचला तर सात खेपांत काम संपते, आणि उशीर होत असेल तर तो शाळेला पहिल्या दोन आठवड्यांतच कळतो. असा प्रामाणिकपणा गिऱ्हाइकाला कोणत्याही रंगीत पाटीपेक्षा जास्त पटतो.

सहावी: भाव. कापड, शिलाई, बटणे व वाहतूक असे चार आकडे आणि खाली एकूण. दहा ओळींचा तक्ता पडद्यावर नको. तो छापून हातात द्यावा.

सातवी: मागणी. बहुतेक लोक शेवटच्या पाटीवर फक्त "धन्यवाद" लिहितात आणि ती पाटी प्रश्नोत्तरे संपेपर्यंत पडद्यावर राहते. त्याऐवजी "१० एप्रिलपर्यंत मागणी आणि कापडासाठी आगाऊ रक्कम मिळावी" असे स्पष्ट लिहून खाली दुकानाचा फोन क्रमांक द्यावा. धन्यवाद तोंडाने म्हणावे.

ॲपलमध्ये काम केलेले गाय कावासाकी यांनी उद्योजकांना १०-२०-३० असा सोपा नियम सांगितला आहे: दहापेक्षा जास्त पाट्या नकोत, वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको, तीस पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको. आमच्या वाचकांनी हा नियम कमाल मर्यादा म्हणून धरावा. सातात काम भागत असेल तर दहा कशाला?

अक्षरांचा प्रश्न

मराठीत पाट्या करणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास अक्षरांचा होतो. दुकानातील संगणकावर सुरेख दिसणारी मराठी दुसऱ्याच्या संगणकावर गेली की खुणांचा नुसता कचरा होतो. कारण असे की, जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की आतली इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते कोठेही देवनागरीच राहते. यासाठी नेहमी युनिकोडमध्येच लिहावे. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. नव्या विंडोजमध्ये उच्चाराप्रमाणे टंकलेखनाचीही सोय आहे.

विंडोजसोबत आलेला मंगल हा फॉन्ट मराठी कवी व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला. पुढच्या विंडोजमध्ये निर्मला यूआय आला. नोटो सान्स देवनागरी व मुक्त हे मोफत मिळणारे फॉन्टही पडद्यावर स्वच्छ दिसतात. वेगळा फॉन्ट वापरला असेल, तर विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये फाइल, मग ऑप्शन्स, मग सेव्ह येथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच बसवण्याच्या, म्हणजे एम्बेडच्या, चौकटीत खूण करावी.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेले ओळींतील अंतर मराठीला अपुरे पडते. ते थोडे वाढवावे. तिरपी अक्षरे देवनागरीला शोभत नाहीत. जोर द्यायचा तर ठळक करावे. काहींना पाटीवर उर्दूही द्यायची असते. उर्दूचा मजकूर वेगळ्या चौकटीत घ्यावा, उजवीकडून डावीकडे लिहिण्याचे बटण दाबावे, आणि नस्तालीक वळणाला उंची जास्त लागते म्हणून चौकट मोठी ठेवावी. मराठी आणि उर्दू एकाच ओळीत मिसळू नये, शब्दांचा क्रम बिघडतो. भाषा कोणती घ्यावी, याचे उत्तर सोपे आहे: समोरचा माणूस घरी ज्या भाषेत हिशेब करतो, ती.

अक्षरे पुरेशी मोठी आहेत का, हे पाहण्याची एक घरगुती युक्ती आहे. पाटी एका साध्या कागदावर छापावी, फरशीवर ठेवावी आणि उभे राहून वाचावी. वाचता आली तर मागच्या रांगेतही वाचता येईल. आपल्याकडे दिवसा खोलीत उजेड फार असतो आणि पडदे सर्वत्र नसतात. म्हणून पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर काळी वा गडद निळी अक्षरे घ्यावीत. पिवळ्यावर पांढरे, लालवर हिरवे असले प्रकार टाळावेत.

छायाचित्रे खरी असावीत

मालाचे छायाचित्र मोबाइलवर चांगले येते. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, मागे साधी पांढरी चादर लावून घ्यावे. शेजारी पट्टी ठेवली तर आकार कळतो. लाकडी कपाट असेल तर सांधा दिसू द्यावा, लोखंडी जाळी असेल तर वेल्डिंग दिसू द्यावे. दुसऱ्याच्या मालाचे इंटरनेटवरून उचललेले चित्र कधीही लावू नये. माल दाखवताना त्याचा दोष झाकायचा नाही, ही शिकवण आपल्याला नवी नाही. पडद्यावरही तीच लागू आहे.

छायाचित्र व्हॉट्सॲपवरून साधेच पाठवले तर ते बारीक होऊन येते आणि पडद्यावर धूसर दिसते. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. उलट, मोठमोठी छायाचित्रे घातली की फाइल जड होते. त्यासाठी चित्र निवडून "कॉम्प्रेस पिक्चर्स" ही आज्ञा द्यावी. चित्र ताणताना कोपरा धरून ताणावे, बाजू धरली की खुर्ची बुटकी आणि माणूस जाड होतो.

अक्षरे उडत येणे, पाटी गरगर फिरणे, टाळ्यांचा आवाज होणे, हे सर्व बंद. ऐकणाऱ्याचे लक्ष मालावरून उडते आणि वेळ जातो. एकेक मुद्दा क्रमाने दाखवायचा असेल तर "अपिअर" हा एकच साधा प्रकार पुरे.

हाताशी असावीत अशी बटणे

दुकानाचे नाव आणि फोन प्रत्येक पाटीवर हवा असेल तर तो दरवेळी लिहू नये. व्ह्यूमधील स्लाइड मास्टरवर एकदा लिहिला की सर्वत्र येतो, आणि क्रमांक बदलला तर एकाच ठिकाणी बदलावा लागतो. कंट्रोल व डी दाबले की निवडलेल्या पाटीची दुसरी प्रत तयार होते. एफ ५ दाबले की सादरीकरण पहिल्यापासून सुरू होते. शिफ्ट व एफ ५ दाबले की समोर असलेल्या पाटीपासून. भावाची पाटी पुन्हा दाखवा असे कोणी म्हटले, तर मागे-मागे जात बसू नये. ६ हा अंक दाबून एंटर दाबावे, सहावी पाटी समोर येते. सादरीकरण चालू असताना इंग्रजी बी दाबले की पडदा काळा होतो, पुन्हा दाबले की पाटी परत येते. नमुना हातात देताना ही युक्ती फार उपयोगी पडते. पडदा काळा झाला की सर्वांची नजर आपल्या हातातील मालाकडे वळते.

प्रेझेंटर व्ह्यू या सोयीत पडद्यावर फक्त पाटी दिसते आणि आपल्या लॅपटॉपवर पुढची पाटी, घड्याळ व आपली टिपणे दिसतात. जे बोलायचे ते टिपणांत लिहावे, पाटीवर नव्हे. पाटीवर परिच्छेद लिहून तो भिंतीकडे तोंड करून वाचणे, हा सर्वांत मोठा दोष होय. समोरचे लोक आपल्या आधीच वाचून मोकळे होतात आणि मग कंटाळतात.

निघण्यापूर्वीची तयारी

सादरीकरण घरातच दोनदा मोठ्याने करावे आणि घड्याळ लावावे. ऐकायला शक्यतो असा माणूस बसवावा, ज्याला आपल्या धंद्यातले काही कळत नाही. त्याला जे समजले नाही तेच दुरुस्त करावे.

फाइलची एक प्रत पीडीएफ करून पेनड्राइव्हवर व मोबाइलवर ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरे हलत नाहीत. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए वायर लागते आणि नव्या लॅपटॉपला एचडीएमआय असते. जोडणारा लहान कन्व्हर्टर पिशवीत असावा. जुन्या प्रोजेक्टरवर रुंद पाटीच्या वर-खाली काळे पट्टे येतात, त्याने घाबरू नये. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा. आणि वीज गेलीच तर? सात पाट्या दोन कागदांवर छापून, जितके ऐकणारे तितक्या प्रती सोबत न्याव्यात. पडदा बंद पडला तरी सौदा बंद पडत नाही. नमुना मात्र विसरू नये. कापडाचा हात, लाकडाचे वजन आणि अत्तराचा वास कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

तात्पर्य असे की, साधन परदेशी असो वा नवे असो, व्यापाराचे नियम जुनेच आहेत. गिऱ्हाइकाची गरज ओळखावी, झेपेल तेवढाच शब्द द्यावा, अडचण आधी सांगावी आणि भाव स्वच्छ ठेवावा. पाटी फक्त हे सारे मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचवते. सेलू, मानवत, गंगाखेड, पूर्णा, पाथरी कोठलेही आपले दुकान असो, वाचकांनी या आठवड्यात एवढे करावे: आपल्या धंद्याच्या सात पाट्यांचे सात मथळे आधी साध्या कागदावर, पूर्ण वाक्यांत लिहून काढावेत. केवळ ते मथळे वाचून परक्या माणसाला आपले काम, वेळ आणि भाव कळला, तर संगणक उघडावा. कळला नाही, तर आधी मथळे सुधारावेत.